नाकासमोरची वाट

यंदा थंडी पडली तशी विश्रामबागच्या चौकात एका हातगाड्यावर हुरडा विकायला आला. प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलेले हिरवे दाणे आणि सोबत शेंगदाण्याच्या चटणीच्या पुड्या. सूनबाई पिशवी घेऊन आली, तव्यावर परतून मला बशीतून दिला. म्हणाली, "बाबा, तुमच्या आटपाडीकडचा आहे म्हणत होता गाडीवाला. खाऊन बघा."

तव्यावरच्या हुरड्याला धुराचा वास नसतो. तरी पहिला घास चावला आणि माझा हात थांबला. दाण्यातलं दूध जिभेवर आलं आणि त्याच्या मागोमाग ओल्या मातीचा, बंदुकीच्या दारूच्या धुराचा आणि धुक्याचा वास आला. पंचवीस वर्षांहून जास्त काळ मी शाळूच्या या दिवसांत गावाकडं जायचं टाळलं होतं. आता गावच बशीत घालून समोर ठेवलं होतं. मी बशी सरकवली. सूनबाईला वाटलं, मीठ जास्त झालं.

हुरड्याचे दिवस आमच्याकडं फार थोडे असतात. शाळूचं कणीस भरतं, दाणा अजून हिरवा असतो, दाबला तर दूध निघतं. पुढं ऊन लागलं की दाणा निबर होतो आणि मग त्याची भाकरीच. त्या मधल्या दिवसांत रानात खड्डा घेऊन गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कणसं निखाऱ्यात खुपसायची, हात पोळत ती चोळायची. आमचा मुलूख दुष्काळी. पाहुण्याला बोलवावं असं वर्षातून एवढंच काय ते असतं. म्हणून हुरड्याला येत नाही म्हणणारा माणूस आमच्यात शिष्ट ठरतो. मी तो शिष्टपणा पत्करला होता.

आज लिहायला बसलो आहे ते एकाच गोष्टीसाठी. एकाहत्तरच्या लढाईत आमच्या वाडीचा बिरू गेला. पलटणीच्या कागदावर लिहिलं आहे की तो धुक्यात वाट चुकला. वाडीत सगळे सांगतात की त्यानं स्वतःचा जीव देऊन आम्हाला वाचवलं. दोन्ही गोष्टी मी सांगितल्या. दोन्ही खोट्या आहेत.

आम्ही मेंढपाळ. माझं लहानपण मेंढरांच्या मागं गेलं. पावसाळा सरला की कळप घेऊन कृष्णाकाठच्या बागायतीकडं निघायचं, कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंडीच्या बदल्यात धान्य घ्यायचं. प्रत्येक वाडीची स्वतःची हाळी असते. आमची अशी: जीभ टाळ्याला लावून टर्रर्र असा आवाज काढायचा आणि त्याला जोडून लांब हेऽऽय. चार वाड्यांची मेंढरं एका पाण्यावर मिसळली तरी आपापली हाळी ऐकून ती बरोबर वेगळी होतात. आणि येतात ती सरळ. मधे ओढा असो, बांध असो, पीक असो. वळणानं यायचं मेंढराला समजत नाही. आवाज जिथून आला तिकडं ते नाकासमोर येतं. आमच्या आया आम्हाला जेवायलाही त्याच हाळीनं बोलवायच्या, आणि आम्हीही तसेच यायचो, गुडघे फोडून घेत.

बिरू माझ्याहून बराच लहान. भरतीला त्याला मीच नेला. सुट्टीवर आलो की माझ्या बुटांना पॉलिश करत बसायचा आणि विचारायचा, "दादा, तितं रोज डाळ देत्यात म्हंत्यात, खरं हाय का?" त्या डाळीवरच त्याला भुलवला म्हणायला हरकत नाही. नशीब असं की तो माझ्याच पलटणीत आला, माझ्याच सेक्शनमध्ये. मी नाईक होतो, सेक्शन माझ्या हाताखाली. त्याच्या आईला, तायव्वाला आम्ही सगळेच आय म्हणतो. तिनं माझ्याकडं बोट करून बिरूला सांगितलं होतं, "ह्यो सख्या सांगंल तसं वागायचं."

त्या हिवाळ्यात आम्ही पंजाबच्या सरहद्दीवर होतो. सपाट मुलूख, हाताएवढा वाढलेला गहू आणि सकाळी असं धुकं की पुढं धरलेला हात दिसत नसे. आमच्या मोर्चाच्या, म्हणजे खंदकांच्या, पुढं आमच्याच लोकांनी सुरुंग पेरले होते. त्यांतून पलीकडं जायला पांढऱ्या फितीनं आखलेली चिंचोळी वाट होती. ती एका कीकरच्या, म्हणजे आपल्या बाभळीच्या, झाडापासून सुरू व्हायची आणि दोनदा वळण घ्यायची. शत्रूला सरळ येता येऊ नये म्हणून ती वळणं. पलीकडं रिकामं झालेलं गाव होतं आणि गावाची विहीर. माणसं पळून गेली होती, जनावरं राहिली होती.

बिरू मोर्चात बसून हुरड्याच्याच गोष्टी करायचा. "आवं दादा, लढाई लावायचीच तर सुगी झाल्यावर लावावी. ह्या दोन्ही सरकारात एक बी शेतकरी दिसत न्हाई." पोरं हसायची. मीही हसायचो. हे आठवलं की मला त्याचा आवाज नीट ऐकू येतो, चेहरा मात्र आता पुसट झाला आहे. भीतीनं आम्ही कुणी थरथर कापत नव्हतो, खोटं कशाला सांगू. थंडीनं कापत होतो आणि त्याला भीती समजायला कुणाला सवड नव्हती.

मग लढाई थांबली. संध्याकाळी खबर आली, रात्रभर तोफा गप्प होत्या. सकाळी सगळे हलके झाले होते. कुणी दाढी करत होता, कुणी चहाच्या पाण्यात बोटं बुडवून बसला होता. धुक्यातून पलीकडच्या गावातल्या मेंढरांचा ओरडा येत होता. बिरू कान देऊन ऐकत होता.

"दादा, मेंढरं हायती. व्यालेली हायती. कुणी पिळलेली न्हाईत, कासा फुटाय आल्यात बघा. आवाजच सांगतोय."

"मग? तुझ्या बापाची हायती व्हय?"

"बापाची नसूद्यात. पाण्याला तर जायाचं हायच. डबा भरून आणतो, जाता जाता दोनचार पिळून मोकळी करतो."

मी जा म्हणालो. वर विचारलं नाही. लढाई संपली होती, आता कोण कशाला बोलेल असं वाटलं. तो कीकरपासून फितीच्या वाटेनं नीट गेला. मी स्वतः पाहिलं, धुक्यात शिरेपर्यंत.

धुकं वाढत गेलं. तेवढ्यात निरोप आला की साहेब गणती घ्यायला निघाले आहेत. माझ्या सेक्शनमधला एक माणूस परवानगीशिवाय सुरुंगांच्या पलीकडं मेंढरं पिळत बसला होता. मी घाबरलो. कशासाठी, ते स्पष्ट लिहितो: बिरूच्या जिवासाठी नाही. माझ्या फितीसाठी, दंडावरच्या. मी कीकरपाशी जाऊन वाट बघू शकलो असतो. एखादा माणूस त्या वाटेनं पलीकडं पाठवू शकलो असतो. मी होतो तिथंच मोर्चाच्या कडेवर चढलो आणि जीभ टाळ्याला लावली.

धुक्यातून उत्तर आलं. तीच हाळी, शेवटचं हेऽऽय लहानपणी ओढायचा तसंच ओढलेलं. मला बरं वाटलं. त्या परक्या मुलखात, त्या पांढऱ्या आंधळेपणात आमच्या वाडीचे दोन आवाज एकमेकांना भेटले, याचा मला आनंद झाला. तो आनंदही इथं लिहून ठेवला पाहिजे, कारण तोही माझाच आहे.

मग डब्यातल्या पाण्याची डुचमळ ऐकू आली. कीकरचं झाड माझ्या डाव्या हाताला होतं. आवाज समोरून येत होता.

माझ्या लक्षात आलं. हे मी पलटणीत सांगितलं नाही, वाडीत सांगितलं नाही, बायको होती तोवर तिलाही सांगितलं नाही. माझ्या लक्षात आलं आणि मला वेळ होता. 'थांब' एवढाच शब्द. मी तोंड उघडलं. जीभ टाळ्यालाच चिकटलेली होती. तोंडातून परत हाळी निघाली, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

असं काही लिहिता येत नाही म्हणतात. लिहिता येतं. माती वर गेली आणि खाली आली. मेंढरं एकदम गप्प झाली आणि थोड्या वेळानं परत ओरडायला लागली. धुकं होतं तसंच राहिलं, त्याला कुठं भोक पडलं नाही. सुरुंगवाले काठीनं जमीन टोचत टोचत त्याच्यापर्यंत गेले तेव्हा पाण्याचा डबा त्याच्यापासून हातभर अंतरावर सरळ उभा होता, झाकणासकट. आत पाणी होतं. दुसऱ्या लहान डब्यात दूध होतं.

साहेबांनी विचारलं, "कैसे हुआ?" मी म्हणालो, "धुंद में रास्ता भूल गया, साब." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला अजून जाणवतो, आणि जाणवला की मी खांदा झटकतो. नातवंडांना वाटतं आजोबांना माशी बसली.

सुट्टी मिळाली आणि मी वाडीत आलो तेव्हा हुरड्याचे शेवटचे दिवस होते. आय आगटीजवळ बसली होती. रडून झालं होतं. माणसं भोवती जमली. तिनं एवढंच विचारलं, "शेवटाला काय बोलला?"

मी खरं सांगायचं ठरवून आलो होतो. एसटीत सबंध वाटभर वाक्य घोटलं होतं. "हाळी," मी म्हणालो, आणि पुढचं वाक्य दुसरंच निघालं. "हाळी दिली त्यानं, आय. आमी धुक्यात वाट चुकलो हुतो. त्याच्या हाळीच्या रोखानं नाकासमोर चालत आमी समदे माघारी आलो. मग तोफंचा गोळा पडला."

आय माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "शानं लेकरू माजं." बाकीचे बाप्ये पागोट्याच्या शेवानं डोळे पुसायला लागले. बिरूचा धाकटा भाऊ धोंडी तेव्हा मिसरूड फुटलेला होता. तो उठून मेंढरांकडं गेला आणि त्यानं हाळी दिली. मी कानांवर हात ठेवायचं तेवढं बाकी ठेवलं.

त्यानंतर माझ्या तोंडातून ती हाळी कधी निघाली नाही. पेन्शनवर आल्यावर वाडीत राहायला नको म्हणून शिरवळच्या एका कारखान्यात गेटवर नोकरी धरली. कारखान्याच्या आवारात गाड्या लावायला चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या होत्या. मी त्या रेघांच्या आतून चालायचो, वळसा पडला तरी. कामगार हसायचे. वरिष्ठ म्हणायचे, "फौजी माणूस बघा, शिस्त म्हणजे शिस्त." पुढं मुलानं सांगलीत घर घेतलं आणि मी विश्रामबागला आलो. इथल्या बागेतही मी हिरवळीवर पाय टाकत नाही, फरसबंदीच्या कडेनं फिरतो. मातीत पाऊल टाकायचं तर आधी नजर टाकतो, मग बूट. बागेत भेटणारे एक निवृत्त प्राध्यापक माझी ओळख करून देताना सांगतात, "अगदी नाकासमोर चालणारे गृहस्थ." मी नमस्कार करतो.

लढाई संपली असं म्हणतात. पण पेरलेलं सगळं उपटलं जात नाही. सरहद्दीवर कुठं नांगराच्या फाळाखाली जुना सुरुंग उडाल्याची बातमी कधीतरी पेपरात आतल्या पानावर येते. मी ती वाचतो आणि पान उलटतो. मला वाटायचं, माझा सुरुंग एकच होता आणि तो फुटून गेला.

हातगाडीवरच्या हुरड्यानंतर थोड्याच दिवसांत धोंडी घरी आला. आता तोही पिकला आहे. चपला बाहेर काढून, फरशीला पाय लागू नये असा अवघडून बसला.

"मेजर, माजा सिदू भरती झाला." मी हवालदार म्हणून निवृत्त झालो, पण वाडीत फौजेतून आलेला प्रत्येकजण मेजर. "ट्रेनिंगला निघालाय. औंदा हुरड्याला तुमाला यावंच लागतंय. न्हाई म्हणलासा तर पोरगं म्हंतंय मी बी जात न्हाई."

"तब्येत बरी नसते रे."

"आय थकलीया. तुमची सय काढती. डोळ्यास्नी दिसत न्हाई, पर म्हंती सख्याला पावलावरनं वळखते."

मी गेलो.

धोंडीचं रान आटपाडीपासून आत आहे. दुपारची वेळ, ऊन असूनही वारा गार. आगटी पेटलेली, धूर सरळ वर चढत होता. पलीकडं मेंढरं विसाव्याला बसलेली, भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण, बाजूला बांबूचं फाटक. आय घोंगड्यावर बसली होती, वाळून मुठीएवढी झालेली. मी जवळ गेलो तशी म्हणाली, "आला व्हय सख्या. जपून चालतोस रं लय. म्हातारा झालास."

सिदू बिरूसारखा दिसत नाही, हे बरं झालं. नाकेला, उंच, केस आधीच बारीक कापलेले. "मेजर, तितं बी हुरडा मिळतो का?"

"तिथं फटके मिळतात," मी म्हणालो. "ते गरम असतानाच खायचे." सगळे हसले. मला वाटलं, जमलं, आता चार कणसं खाऊन संध्याकाळच्या एसटीनं परत जाता येईल.

मग धोंडी हात झटकत उठला. "चला रं, हाळी घाला पोराला."

सगळे उठले. बाप्ये, बाया, सुना. सिदूला मधे उभा केला आणि सगळ्यांनी मिळून हाळी दिली. टर्रर्र, हेऽऽय. आगटीचा धूरसुद्धा हलला असं मला वाटलं. मेंढरांनी माना वर केल्या, पण एवढ्या तोंडांच्या गलक्यात कुणाकडं यायचं ते त्यांना उमगलं नाही. आयनं चाचपत सिदूची हनुवटी धरली. "वाट चुकलास तर भिऊ नगं. आपलं माणूस कुटनं तरी हाळी देतंच. कानावर आली की इकडंतिकडं बगायचं न्हाई, नाकासमोर यायचं. तुज्या चुलत्यानं पलटण वाचवली त्या हाळीनं."

मी हातातलं कणीस खाली ठेवलं. "धोंडी," मी म्हणालो, "हे कधीपासनं चालतंय?"

"कवापासनं म्हंजे? तुमीच सांगितलासा की. बिरूदादाच्या मागनं हितनं जेवढी पोरं फौजंत गेली, समद्यांस्नी आसंच घातलं वाटंला. लय जण गेली."

"आणि आली?"

"आली की. एकाचा पाय गेला, काश्मिराकडं कुटंतरी डोंगरात."

"कसा?"

"कोन सांगतंय. ते बी बोलत न्हाई."

एवढी वर्षं मी समजत होतो की एका आईचं दुःख हलकं करायला मी एक खोटं सांगितलं. त्या खोट्याचं वाडीनं बियाणं केलं होतं. दरसाल, याच दिवसांत, याच आगटीभोवती, हसत खेळत ते पोरांच्या कानांत पेरत होते. त्या पाय गेलेल्या पोराला मी ओळखत नाही. त्याच्या पायाचं काय झालं ते मला ठाऊक नाही. कधी ठाऊक होणारही नाही, आणि आता त्याचा हिशोब माझ्यापासून वेगळा करता येणार नाही.

मी सांगितलं. इथं लिहिलं तेवढं सगळं सांगितलं: मेंढरं, दूध, गणती, हाळी. दुसरी हाळीसुद्धा. कणसं निखाऱ्यात जळत होती, ती कुणी काढली नाहीत.

सिदू हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "मेजर, जाताना कशाला चेष्टा करता?" धोंडीनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं, आणि त्याच्या मुठी वळलेल्या मला दिसल्या. त्यानं मारलं असतं तर मला सोपं झालं असतं.

आयचा चेहरा माझ्या दिशेला होता. "तू दिलीस हाळी?"

"मी दिली, आय."

"आन तो आला."

"आला."

"नाकासमोर?"

"व्हय. नाकासमोर."

ती घोंगड्याची दशी बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "दे बरं. तवा दिलीस तशी दे. मला ऐकूदे."

"आय, नको."

"दे म्हंते न्हवं."

मला वाटलं, आता जमणारही नाही. दात गेलेत, जीभ जड झाली आहे. पण जीभ टाळ्याला लागली आणि आवाज निघाला, पंजाबातल्या त्या सकाळी निघाला होता तसाच, घाईचा, भ्यालेला.

पलीकडं मेंढरं उठली. सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडं वळल्या. पुढचा एडका चालू लागला आणि मागं कळप. मधे काट्यांचं कुंपण होतं. एडका थांबला नाही. तो काट्यांत शिरला, छातीनं कुंपण मोडत आला, आणि त्याच्या मागं सगळी आली, एकमेकांना रेटत, ओरडत. बाभळीच्या फांद्या मोडल्याचा कडाकड आवाज झाला. काट्यांना लोकरीचे पुंजके लटकले. एक कोकरू अडकलं, धडपडून सुटलं आणि कान फाटला तरी सरळ माझ्या पायांशी येऊन उभं राहिलं.

फाटक बाजूलाच होतं, दहा पावलांवर. ते उघडंच होतं. त्यातून एकही मेंढरू आलं नव्हतं. सिदू त्या उघड्या फाटकाकडं बघत होता. त्याच्या तोंडावरचं हसू कधी गेलं ते मला कळलं नाही.

आयनं हात पुढं केला. मी कोकरू उचलून तिच्या मांडीवर दिलं. तिनं चाचपत त्याचा फाटलेला कान शोधला, त्यात रुतलेला काटा बोटांनी हळूच ओढून काढला, रक्त पदराला पुसलं.

"आसाच आला आसंल," ती म्हणाली.